बोलता यावं, गाता येऊ नये

वाचनालयाच्या खिडकीशी त्याचं वाक्य दुसऱ्याच कुणीतरी पूर्ण केलं, आणि तेही चुकीचं. वाक्य तसं फार मोठं नव्हतं. माझं सभासदत्व या महिन्याअखेर संपतंय, ते पुढच्या एका वर्षासाठी वाढवून हवंय. सगळे मिळून अकरा शब्द. घरून निघताना त्यानं ते मनात जुळवून घेतलं होतं, पण रिक्षातून उतरून चार पायऱ्या चढून खिडकीशी पोचेपर्यंत त्यातल्या दोनांपुरताच श्वास शिल्लक राहिला. "माझं सभासदत्व," तो म्हणाला, आणि काउंटरची कड धरून उभा राहिला. खिडकीतल्या मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. गळ्याभोवती एका माणसाची जागा उरेल इतकी सैल कॉलर, उन्हाळ्यात लोकरीची टोपी, टोपीखाली भुवयाही नाहीत. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "रद्द करायचंय ना, काका?" त्यानं हात हलवला. तो हात 'थांब जरा, सांगतो' असं म्हणत होता. मुलीनं त्यातून 'हो बाई, तेच' असं वाचलं. तिनं शिक्का मारला, नोंदवहीत रेघ ओढली, कार्डाचा कोपरा कात्रीनं कापला, आणि त्याचा श्वास परत येईपर्यंत सगळं इतकं रीतसर उरकलं की त्याच्यातल्या जुन्या लिपिकाला क्षणभर कौतुकच वाटलं. "काळजी घ्या हं, काका," मुलगी म्हणाली. मागच्या माणसानंही अदबीनं बाजूला होऊन वाट दिली. तो बाहेर येऊन पायरीवर बसला. कोपरा कापलेलं कार्ड हातात होतं. चौतीस वर्षांत त्याचं वाक्य पूर्ण करायची कुणाची छाती झाली नव्हती.

पाणीपुरवठा खात्यात तो मसुदे लिहायचा. कुणी कुठल्या भागात किती वाजता पाणी सोडावं हे ठरवणारे वेगळे आणि फुटलेले नळ जोडणारे वेगळे. दोघांच्या मध्ये जे कागद पसरलेले असतात, त्यांवरचं लिखाण त्याचं. त्याचं वाक्य 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं दबकत निघायचं, पहिल्या 'तथापि'पाशी जरा धीट व्हायचं, दोन-तीन 'परंतु' ओलांडून 'सबब' नावाच्या चढावर यायचं आणि तिथून उतरत उतरत 'ही विनंती'पाशी थांबायचं. शेवट येईपर्यंत वाचणारा सुरुवात विसरलेला असायचा, आणि विसरलेला माणूस सहसा सही करतो. एका जलवाहिनीच्या चौकशीवर त्यानं दीड पानाचं एकच वाक्य लिहिलं होतं. उपअभियंता ते अर्धं वाचून चहा पिऊन आला आणि परत आला तेव्हा वाक्य तिथंच वाट बघत होतं, अशी आख्यायिका होती. कचेरीत त्याला 'स्वल्पविराम' म्हणत. त्याला ते नाव आवडायचं. साहेब लोक येऊन गेले, त्यांची नावं पाट्यांबरोबर उतरली, स्वल्पविराम मात्र निवृत्तीपर्यंत टिकला. कचेरीत धूम्रपान करू नये, केल्यास होणारे दुष्परिणाम लक्षात घ्यावेत, हे परिपत्रकही त्याचंच. जिन्याच्या वळणावर, खिडकीत राखेचा डबा ठेवून, तीन सिगारेटी संपवत त्यानं ते लिहिलं होतं. सगळे म्हणाले होते, अगदी आतून लिहिलंय.

चौदा महिन्यांपूर्वी तपासणीच्या कागदावर त्यानं 'प्रगत अवस्था' हे शब्द वाचले, तेव्हा छातीत काही होण्याआधी डोक्यात भाषेचा प्रश्न उभा राहिला. प्रगत! प्रगत देश असतात, प्रगत विद्यार्थी असतात. त्याच्या गोपनीय अहवालात चौतीस वर्षं 'प्रगती बेताची' असंच लिहिलं गेलं होतं, आणि आता निवृत्तीनंतर उजव्या फुप्फुसानं परस्पर बढती मिळवली होती. डाव्यातही शाखा उघडली होती. त्यानं हे डॉक्टरांना बोलून दाखवलं. डॉक्टर हसल्या नाहीत. बायको हसली, आणि मग रुमाल काढून नाक पुसत राहिली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हे बरं होणाऱ्यातलं नाही, ताब्यात ठेवण्यातलं आहे. ताब्यात ठेवणं म्हणजे काय, हे पाणीपुरवठ्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही. गळती थांबत नाही, दाब सांभाळायचा.

वाचनालयातून तो घरी आला आणि कापलेलं कार्ड बायकोपुढे ठेवलं. बायको शाळेत गाणं शिकवायची. सगळा मोहल्ला तिला 'बाई' म्हणतो, आणि लग्नानंतर कधीतरी त्यानंही थट्टेनं बाई म्हणायला सुरुवात केली, ते राहूनच गेलं. बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"तुम्ही काय म्हणालात नेमकं?"

"माझं सभासदत्व."

"आणि?"

"आणि हात हलवला."

"असा?" बाईंनी हात हलवून दाखवला. "हा तर माझ्याही हिशेबात होच होतो."

"बघ ना."

"मी जाऊन सांगते उद्या. नाहीतर चिठ्ठी द्या लिहून. तुमचा हातखंडा आहे."

"नको," तो म्हणाला. मग श्वासासाठी थांबला. बाई थांबल्या. "मीच सांगणार. तोंडानं. एका दमात."

हे आपण इतकं निक्षून का म्हणालो, याचा विचार तो दुपारभर छताकडे बघत करत राहिला. छताच्या कोपऱ्यात रंगाचा एक पापुद्रा सुटला होता, पडत नव्हता. गेले काही महिने लोक त्याची वाक्यं पूर्ण करत होते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. औषधाच्या दुकानदारानं, शेजाऱ्यानं, मोठ्या बहिणीनं फोनवर. आणि सगळे एकाच बाजूला पूर्ण करत. मला जरा, म्हटलं की समोरचा म्हणायचा, पडायचंय का? उद्या मी, म्हटलं की, नका येऊ, आम्ही समजू शकतो. बिचारे प्रेमानंच करत. पण अशानं एक दिवस आपण नुसतं पहिलं अक्षर उच्चारणार आणि मंडळी आपला सगळा मसुदाच उरकून, सही-शिक्का करून मोकळी होणार. त्या विचारानं घाम आला. मग हसू आलं, आणि हसण्यानं खोकला आला. बाई पाणी घेऊन आल्या. काय झालं, म्हणाल्या. काही नाही, म्हणाला, आणि हे वाक्य पूर्ण होतं.

पुढच्या तपासणीला त्यानं डॉक्टरांना विचारलं, वाक्य लांबवायला काही औषध आहे का. डॉक्टरांनी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, दिवसातला किती वेळ पडून असता असं विचारलं, आणि बाईंनीच "जेवढा वेळ नातेवाईक घरात असतात तेवढा" असं उत्तर दिल्यावर चिठ्ठीवर औषधाऐवजी व्यायाम लिहिला. पूर्वी आम्हीही आराम करा म्हणायचो, आता नाही म्हणत, त्या म्हणाल्या. ही बातमी फोनवर ताईला कळली तेव्हा ताई भडकली. "त्यांना अक्कल आहे का? आजारी माणसाला पळवतायत! तू पडून राहा मुकाट्यानं, मी सांगते म्हणून." ताई चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि तो दोन वर्षांचा असल्यापासून त्याला पडून राहायला सांगत आली होती.

व्यायामवाली आली ती मंगळवारी सकाळी, हातात रबराची लांब पट्टी घेऊन. तिशीची, सडपातळ, बोलण्यात घाई नाही. आजार हाडांत उतरला नाही ना म्हणून आधी तिनं हाडांचे फोटो पाहिले, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला, आणि मग त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठायचं, बसायचं. चौतीस वर्षं खुर्चीतून उठायला लागू नये म्हणून ज्यानं जिवाचं रान केलं त्याला हा व्यायाम जरा वैचारिक पातळीवरच जड गेला. चार वेळा उठला. चौथ्या वेळी मांड्या थरथरल्या. कितीतरी दिवसांत आपल्याला मांड्या आहेत याची आठवणच झाली नव्हती. गेले वर्षभर अंगाचा सगळा कारभार छातीकडे गेला होता आणि बाकीचे अवयव बिनकामाचे हजेरी लावत होते.

"छान," व्यायामवाली म्हणाली. "आता ओठ चंबूसारखे करा आणि हळू फुंकर घाला. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती ज्योत हलवायची. दम लागला की घाबरून श्वास आत ओढायचा नाही, आधी बाहेर सोडायचा."

"आधी जागा रिकामी करायची," तो म्हणाला.

"बरोबर. आणि रोज चालायचं. किती जोरात, ते यंत्रानं नाही मोजायचं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. बोलताही येत नसेल तर जास्त होतंय, थांबा. गाता येत असेल तर कमी होतंय, वेग वाढवा."

"गाता तर त्यांना आधीही येत नव्हतं," बाई आतून म्हणाल्या.

व्यायामवालीला ही अडचण कुणी सांगितली नसावी. ती विचारात पडली. "म्हणजे दमामुळे नाही की..."

"मुळातच नाही."

"काहीतरी म्हणून दाखवा ना, काका."

त्यानं सातचा पाढा म्हटला. बाईंनी फार वर्षांपूर्वी पाढ्यांना चाली लावल्या होत्या. सातची चाल नागमोडी होती, वर जाऊन अडायची आणि भलत्याच ठिकाणी उतरायची. बाई घरी सराव करायच्या तेव्हा भिंतीपलीकडून ऐकून ऐकून ती त्याच्या कानात बसली होती, गळ्यात कधी उतरली नव्हती. सात एके सात, सात दुणे चौदा, आणि श्वास संपला. व्यायामवालीनं बाईंकडे पाहिलं. "हे बोलणं होतं की गाणं?"

"ते मी ठरवत जाईन," बाई म्हणाल्या. "तुम्ही नका काळजी करू."

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात तो दाढी करताना गुणगुणत होता, तेव्हा ती धावत येऊन त्याच्या कपाळाला हात लावून बघत म्हणाली होती, बरं वाटत नाही का? मग कारण कळल्यावर तिनं शांतपणे सांगितलं होतं, शाळेत चाळीस पोरं बेसूर गातात त्याचा मला पगार मिळतो, घरी मी फुकट ऐकणार नाही. तेव्हापासून तो गायला नाही. दुःखही केलं नाही. घरात एकानं गावं आणि एकानं लिहावं, अशी वाटणी झाली. पण व्यायामवाली गेल्यावर तिनं ठेवलेला सूचनांचा कागद तो लाल पेननं तपासत बसला, 'चक्कर आल्यास किंवा छातीत दुखत असताना व्यायाम करावा' यातल्या 'करावा'चं 'करू नये' केलं, एक माणूस वाचवला, आणि त्याला वाटलं, गाणारी आणि लिहिणारा या दोघांनी चाळीस वर्षांत एकमेकांशी बोलणं जरा कमीच केलं.

कारण आता बोलणं भाग होतं. बोलल्याशिवाय चालण्याचं माप लागत नव्हतं. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ती दोघं शब्द शोधत चालली. गॅस बंद केलास? केला. झाड वाढलं. हो. बाई बोटांवर मोजत होत्या, एका श्वासात किती शब्द. तीन. तीन शब्दांत माणूस जे बोलतो ते बहुतेक खरं असतं, असं त्याच्या लक्षात आलं. खोटं बोलायला निदान सात-आठ तरी लागतात. टपालपेटीपाशी एक बाक होता. तिथं बसून तो ज्योत हलवायचा, बाई रस्त्याकडे बघायच्या, आणि श्वास जागेवर येत असताना, सकाळचं ऊन गुडघ्यावर पडलेलं असताना, त्याला अकारण बरं वाटायचं. इतकं की त्याला त्याचा संशय यायचा. माणसाला असा आजार असताना बरं वाटणं नियमात बसतं का? कुणी पाहिलं तर? ताईनं पाहिलं तर?

पुढच्या आठवड्यात औषधांच्या दुकानापर्यंत पाच शब्द झाले. मग बंद पडलेल्या छपाईच्या कारखान्यापर्यंत सात. वाक्यं वाढली तशी स्मृतीही लांबून येऊ लागली. तो लहानपणी विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघायचा ते त्यानं तिला सांगितलं, तीन बाकांवर मिळून. ती म्हणाली, हे मला माहीतच नव्हतं. मग तिनं सांगितलं की गाण्याच्या नोकरीसाठी मुलाखत दिली त्या दिवशी तिचा आवाज बसला होता आणि तिनं नुसते ओठ हलवले, परीक्षकांपैकी कुणी कबूल करायला तयार नव्हतं की आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. तो इतका हसला की बाकाला धरून उभं राहावं लागलं. चाळीस वर्षं हे सांगितलं नाहीस? तुम्ही विचारलं नाहीत, ती म्हणाली. तुमचं वाक्य संपायचंच नाही, मी मध्ये घुसणार कुठून? हे ऐकून तो पुढच्या बाकापर्यंत गप्प राहिला, आणि बाईंनी ते शून्य शब्द म्हणून मोजलं.

मग केमोच्या औषधाचा पुढचा हप्ता झाला, आणि त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. पलंगापासून मोरीपर्यंतचा रस्ता लांबला. छातीवर कुणीतरी फायलींचा गठ्ठा ठेवून जेवायला गेल्यासारखं वाटे. तो पापुद्र्याकडे बघत पडायचा आणि एक शब्दही जुळवायचा नाही. व्यायामवाली आली, पलंगाशी बसली, चिमट्यातला आकडा पाहिला, डॉक्टरांना फोन करून विचारलं. मग म्हणाली, "आज चालणं नाही. नुसतं काठावर बसा, पाय खाली सोडा. टाचा उचला दहा वेळा. वाक्यही नको. एक शब्द पुरे."

"कुठला?"

"तुम्हीच निवडा."

त्यानं बराच वेळ विचार केला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याला नसलेल्या भुवया वर कराव्याशा वाटल्या. "तथापि," तो म्हणाला. आणि टाचा उचलल्या.

तथापिच्या पुढं काहीतरी येतंच, हा त्याचा चौतीस वर्षांचा अनुभव होता. आलं. नवव्या दिवशी तो फाटकापर्यंत गेला, अकराव्या दिवशी टपालपेटीपर्यंत. गेलेले सगळे शब्द परत मिळाले नाहीत, पण पाचावर गाडी आली, मग सहावर, सातावर. खुर्चीतून आठ वेळा उठू लागला. या सगळ्यानं आतला ऐवज एका तसूनंही कमी होत नव्हता, हे व्यायामवालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तपासणीचे कागद दर वेळी तेच सांगत. फोटोतला तो पांढरा डाग होता तिथं होता, आपल्या जागी ठाम, बदली नाकारलेल्या अधिकाऱ्यासारखा. बदललं होतं ते एवढंच, की त्याच्याभोवतीचा उरलेला माणूस पुन्हा कामावर हजर झाला होता.

वाचनालयाला जायचा दिवस त्यानं मुद्दाम ठरवला नाही. दोन महिने झाले होते. सकाळी हवा कोरडी होती, कारखान्यापाशी बाईंनी नऊ मोजले, आणि तो बाकावर न बसता पुढं निघाला. बाईंनी पदर खोचला आणि बरोबरीनं चालू लागल्या. दोन ठिकाणी उभा राहिला. वाचनालयाच्या चार पायऱ्या त्यानं चार स्वतंत्र कामं असल्यासारख्या केल्या, आणि वर गेल्यावर घाई न करता फुंकर घालत उभा राहिला. रांगेतला माणूस म्हणाला, काका, तुम्ही व्हा पुढं. नको, तो म्हणाला. माझा नंबर आला की होतो. त्याचं हृदय मुलाखतीला आल्यासारखं धडधडत होतं. रद्द झालेल्या माणसाला पुन्हा सुरू करायची इथं काही पद्धत नसेल तर? आणि मधेच श्वास गेला, आणि हात आपला आपण हलला, तर? त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

खिडकीत तीच मुलगी होती. तिनं त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा पुन्हा मऊ व्हायला लागला. "काका, काही परत करायचं राहि—"

"माझं सभासदत्व चुकून रद्द झालंय, ते पुन्हा एका वर्षासाठी सुरू करायचंय."

अकरा शब्द. एका दमात. शेवटचा जरा बारीक आला, पण आला. बाईंचे दोन्ही हात मागं होते आणि बोटं मिटलेली होती, हे त्याला न बघता कळलं. मुलगी पुढं झुकली. "सॉरी काका, मागं झेरॉक्सचं मशीन चालू होतं. काही ऐकू नाही आलं. परत सांगता?"

बाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. रांगेतला माणूस तत्परतेनं म्हणाला, "त्यांना ते..." आणि त्यानं त्या माणसाकडे अशी नजर टाकली की पाणीपुरवठ्यातले कंत्राटदार असते तर त्यांनी ती ओळखली असती. त्यानं श्वास सोडला, सगळा, जागा रिकामी होईतो. मग घेतला. त्या क्षणी त्याला अचानक फार श्रीमंत वाटलं. परत सांगता! हे त्याला किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

"माझं सभासदत्व दोन महिन्यांपूर्वी चुकून रद्द झालंय, तथापि ते पुन्हा एका वर्षासाठी सुरू करायचंय."

चौदा. मुलीनं वहीत मान घातली, ओढलेली रेघ शोधली, कानांपर्यंत लाल झाली. "अय्या. मीच केलं होतं. तुम्ही हात असा केलात ना, मला वाटलं..." तिनं नवं कार्ड काढलं, चारही कोपरे शाबूत असलेलं. मग काहीतरी भरपाई करावी म्हणून ती म्हणाली, "काका, आजीवच करून टाका ना. म्हणजे दर वर्षी इथवर यायला नको."

बाई सूचनाफलकावरची हरवलेल्या छत्रीची नोटीस फार लक्षपूर्वक वाचू लागल्या. त्यानं आजीव या शब्दाचा सगळ्या बाजूंनी विचार केला. शब्द चांगला होता. प्रगतपेक्षा बरा.

"नको," तो म्हणाला. "दर वर्षी यायचंय. व्यायाम होतो."

परतताना रस्ता उताराचा होता. येताना तो चढ आहे हे कळलं नव्हतं. नव्या कार्डावर घेतलेलं पुस्तक बाईंनी आपल्या पिशवीत टाकलं होतं, कार्ड त्यानं वरच्या खिशात ठेवलं होतं, आणि दर काही पावलांनी तो चाचपून बघत होता. पाय दुखत होते. तो थकला होता, पण हा थकवा त्याच्या ओळखीचा होता, आजारानं दिलेला नव्हता, कामानं दिलेला होता. ऊन भिंतीवरून रस्त्यावर उतरलं होतं. बंद कारखान्याच्या काचेत दोन म्हातारी माणसं दिसली, एक टोपीवालं. ती बरीच निवांत दिसत होती. त्याला काही बोलावंसं वाटेना. बोलायचं सगळं बोलून झालं होतं, दोनदा. मग छातीतून, त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत, काहीतरी वर आलं, आणि त्याला कळायच्या आत ओठांवर पोचलं. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. चाल वर गेली, अडली, भलत्याच ठिकाणी उतरली, आणि तो तिच्याबरोबर उतरला, सात चोक अठ्ठावीस, साता पाचे पस्तीसपर्यंत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शेजारची पावलं थांबली आहेत.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं गाणारी पोरं पारखलेली ती नजर त्याला ठाऊक होती. तो ओशाळून गप्प झाला.

"हे बोलणं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नसावं."

"गाणं होतं हे."

"होतं?"

बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. नाक ओढलं, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे आपण फार हळू चाललोय. चला. उचला पाय."